लँडफिलच्या मातीच्या अस्तरात शेतीतला टाकाऊ माल मिसळून जड धातू अडवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न यवतमाळपासून गोंदियापर्यंतच्या सरपंच, ग्रामसेवक, स्थापत्यचे विद्यार्थी आणि डम्पिंगशेजारी वावर (शेत) असलेल्या शेतकऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तर दुसरीकडे आले असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लँडफिलचे अस्तर म्हणजे नेमके काय?

कचरा पुरायच्या खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंना दाबून बसवलेला मातीचा जाड थर म्हणजे अस्तर. कचऱ्यावर पाऊस पडला की त्यातून काळा, उग्र वासाचा पाझर निघतो. त्याला लीचेट म्हणतात. हा पाझर खालच्या मुरमात आणि तिथून विहिरीत उतरू नये, यासाठी अस्तर असते. त्याच्या वर नळ्यांचा आणि गिट्टीचा थर असतो. साचलेले लीचेट त्यातून बाहेर काढून शुद्ध करायचे असते. नुसता खड्डा खणून कचरा लोटला, तर ते लँडफिल होत नाही.

२. आमच्या गावच्या कचऱ्यात जड धातू कुठून येतील? इथे तर एकही कारखाना नाही.

टॉर्चचे सेल, इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाइट, मोबाइलचे सुटे भाग, रंगाचे डबे, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे. बॅटरीतून शिसे येते, रिचार्जच्या जुन्या सेलमधून निकेल आणि कॅडमियम, ट्यूबलाइटमधून पारा. मोर्शी-वरूडकडे संत्र्याच्या बागांत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक वापरतात. त्यातल्या मोरचुदाचे तांबेही पिशव्यांसोबत उकिरड्यावर पोहोचते.

एक मात्र आधीच सांगतो. हे सेल, बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट घरातच वेगळ्या ठेवल्या, तर खाली लिहिलेल्या निम्म्या उपायांची गरज पडणार नाही. कुठल्याही अस्तरापेक्षा हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे.

३. नियमात अस्तर कसे असावे असे सांगितले आहे?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ (त्यांच्या जागी आता २०२६ चे नियम आले आहेत) मध्ये किमान अट अशी होती : खाली ९० सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा किंवा सुधारलेल्या मातीचा थर, त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा. मातीच्या थराची पारगम्यता, म्हणजे पाणी झिरपू देण्याचा गुण, सेकंदाला एका सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त नको. भूजलाची सर्वांत उंच पातळीसुद्धा या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली हवी. नदीपासून १०० मीटर, तलाव, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर हवे.

‘सुधारलेली माती’ हा शब्द त्या नियमातच आहे, आणि या पानावरचा सगळा विषय तिथूनच सुरू होतो. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांनी २ मीटरची अट नीट वाचावी. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, पट्ट्यात भादव्यात विहिरी काठोकाठ येतात. मे महिन्यात मोजलेली पातळी दाखवून जागा मंजूर करून घेणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

४. दाबलेली माती पाणी अडवतेच, मग त्यात आणखी काही मिसळायचे कशाला?

माती पाणी पूर्ण अडवत नाही, फक्त त्याचा वेग खूप कमी करते. हिशेब करून पाहू. सेकंदाला एक कोटीवा सेंटीमीटर म्हणजे वर्षाला साधारण ३ सेंटीमीटर. पण पाणी मातीच्या कणांमधल्या फटींतूनच जाते आणि फटी असतात ४० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे पाण्याची प्रत्यक्ष वाटचाल वर्षाला ८ सेंटीमीटरच्या जवळ जाते. ९० सेंटीमीटरचा थर ओलांडायला त्याला दहा-बारा वर्षे पुरतात. अस्तरावर लीचेट तुंबले, तर याहून लवकर. प्लास्टिकचा पडदा शाबूत असेल तोवर ही वेळ येत नाही. पण एखादा सांधा नीट जुळला नसेल किंवा गिट्टी टोचली असेल, तर त्या ठिकाणी भिस्त फक्त मातीवर राहते.

आता धातूंचे पाहा. मातीचे कण धातूंना चिकटवून धरतात, म्हणून धातू पाण्याच्या मागे रेंगाळतात. समजा, एक लिटर पाण्यात जेवढा धातू उरतो त्याच्या दहापट एक किलो माती धरून ठेवते. अशा मातीत धातूची वाटचाल पाण्यापेक्षा सुमारे चाळीस पटींनी मंदावते. पाण्याला दहा वर्षे लागली, तर धातूला चारशे. ही धरून ठेवण्याची ताकद वाढवणे एवढाच टाकाऊ माल मिसळण्याचा उद्देश आहे. पाणी अडवायचे काम मातीचे आणि धातू पकडायचे काम मिश्रणाचे. दुसऱ्यासाठी पहिले बिघडवले, तर दोन्ही हातचे जाते.

५. आमची काळी माती इतकी चिकट आहे. तीच दाबली तर पुरेसे नाही का?

विदर्भाची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. धातूंचे धन आयन, म्हणजे धन प्रभाराचे कण, धरण्यात हे खनिज अव्वल आहे. केओलिनाइट या दुसऱ्या खनिजाच्या मातीपेक्षा त्याची क्षमता कितीतरी पट जास्त असते. ओली असताना ही माती पाणीही छान अडवते.

पण वैशाखात वावरात पडणाऱ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यात हात कोपरापर्यंत जातो. हीच माती उघड्या अस्तरात वाळली, तर तिथेही भेगा पडतील आणि लीचेट महिन्याभरात खाली उतरेल. एकदा पडलेली भेग पुढे ओलाव्याने फुगून मिटल्यासारखी दिसते, पण ती जागा कायमची कच्ची राहते. म्हणून नुसती काळी माती वापरण्याऐवजी तिच्यात कमी चिकट माती, बारीक रेती किंवा राख घालून तिचे फुगणे-आटणे कमी करावे. धानपट्ट्यातल्या तांबूस मातीची अडचण उलटी आहे. ती भेगाळत नाही, पण धातू कमी धरते आणि पाणीही जास्त सोडते. तिथे काळी माती किंवा बेंटोनाइट (मॉन्टमोरिलोनाइटने भरलेली, फुगणारी चिकणमाती) मिसळावे लागते.

६. कोणकोणता टाकाऊ माल चालतो?

आपल्याकडे मिळणाऱ्या मालात मला भरवशाचे वाटणारे तीन आहेत.

पहिली धानाच्या तुसाची राख. गोंदिया, तुमसर, भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये ती ढिगाने पडलेली असते. शंभर किलो धानामागे साधारण २० किलो तूस निघते आणि ते जाळले की ४ किलोच्या आसपास राख उरते. या राखेत बहुतांश सिलिका असते. ती मातीची चिकटाई कमी करते, सामू (पीएच) वाढवते आणि शिसे, जस्त, कॅडमियम यांना धरायला मदत करते.

दुसरा पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) किंवा तुराटीचा (तुरीच्या काड्यांचा) जैवकोळसा, म्हणजे बायोचार. कमी हवेत जाळलेल्या लाकडाच्या या कोळशात बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर धातू धरणारे गट असतात. तो जमिनीत फार सावकाश कुजतो. लँडफिलसाठी हाच गुण मोलाचा आहे.

तिसरा हाडांचा कोळसा आणि अंड्यांची टरफले. हाडांतले फॉस्फेट शिशाशी जोडले जाऊन जवळपास न विरघळणारे खनिज बनते. शिशासाठी इतके पक्के बंधन दुसऱ्या टाकाऊ मालात क्वचितच सापडते. टरफलांतला चुनखडीचा अंश पाझराचा आंबटपणा मारतो. अडचण एकच, मोठ्या कामाला पुरेल इतका हा माल गावात गोळा होत नाही.

संत्र्याची साल, सोयाबीनचे कुटार, तणस, लाकडाचा भुसा यांच्याबद्दल पुढचा प्रश्न वाचा.

७. संत्र्याची साल धातू शोषते असे वाचले. ती वाळवून, दळून थेट मातीत का मिसळू नये?

साल धातू शोषते हे खरे आहे. तिच्यातल्या पेक्टिनला शिसे आणि तांबे चांगले चिकटतात. पाणी शुद्ध करायच्या गाळणीत, जिथे साल दर काही दिवसांनी बदलता येते, तिथे ती उपयोगाची आहे. अस्तर मात्र पुढची अनेक दशके कोणी उकरून बदलणार नाही.

कच्चा माल जमिनीखाली कुजतो. कुजला की त्याच्या जागी पोकळी राहते आणि तिथून पाणी वाट काढते. वायू धरतो. सगळ्यांत वाईट म्हणजे कुजताना निघणारी विरघळणारी सेंद्रिय द्रव्ये धातूंना कवटाळून आपल्यासोबत खाली नेतात. ज्याने धातू धरायचे तोच त्यांना वाहून नेतो. आम्ही एकदा दोन बादल्यांत काळी माती सारखीच दाबून भरली. एकीत सालीची भुकटी होती, दुसरीत नव्हती. दोन्ही ओल्या ठेवल्या. सालीच्या बादलीला महिन्याभरात आंबूस वास सुटला आणि माती कडेने मोकळी झाली. तेव्हापासून विद्यार्थी कितीही उत्साहाने साल घेऊन आले, तरी मी त्यांना आधी तिचा कोळसा करायला लावतो.

हाच नियम कुटार, तणस, भुसा, गांडूळखत आणि शेणखत या सगळ्यांना लागू आहे.

८. पऱ्हाटीचा जैवकोळसा गावात करता येईल का?

येईल. कपाशीच्या हंगामानंतर पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला ती आसरा होते. म्हणून ती लवकर उपटून संपवायची असतेच. उघड्यावर पेटवली तर धूर आणि राख. त्याऐवजी उलट्या शंकूसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद खड्डा घ्या. तळाशी थोडी पऱ्हाटी वरून पेटवा. वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर टाका. ज्वाळा वरची हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळून जात नाही. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवा. नुसती माती टाकून झाकला, तर आत धुमसत राहतो आणि सकाळी राखच हाती लागते.

पऱ्हाटी खडखडीत वाळलेली हवी. ओल्या काड्यांनी धूर होतो आणि कोळसा अर्धवट राहतो. वाळलेल्या मालाच्या वजनाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा कोळसा मिळतो. तो दळून बारीक चाळणीने चाळायचा. जाड तुकडे अस्तरात गेले, तर प्रत्येक तुकडा पाण्याची वाट होतो.

९. किती टक्के मिसळायचे आणि त्याला माल किती लागेल?

सुरुवात कोरड्या मातीच्या वजनाच्या २ ते ५ टक्क्यांपासून करा आणि प्रत्येक प्रमाणाची पारगम्यता प्रयोगशाळेत तपासा. १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. कोळसा हलका आणि सच्छिद्र असल्याने मातीची घनता घटत जाते. ‘जास्त घातले तर जास्त धातू धरेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

मालाचा अंदाज असा. एक गुंठा तळ आणि ९० सेंटीमीटर जाडी म्हणजे ९१ घनमीटर, सुमारे १३५ टन कोरडी माती. तिच्या ५ टक्के म्हणजे जवळपास ७ टन जैवकोळसा. त्यासाठी साधारण २५ टन वाळलेली पऱ्हाटी हवी. हेक्टरी दोन-अडीच टन धरले, तर दहा-बारा हेक्टर कपाशीची. आणि हा सगळा हिशेब फक्त एका गुंठ्याचा. पूर्ण जाडीत मिसळण्याऐवजी कमी मालात भागवायचा मार्ग प्रश्न १० मध्ये आहे.

१०. मिश्रण पूर्ण थरात घालायचे की एखाद्याच भागात?

माझे मत स्पष्ट आहे. ज्या गावात रोज माती तपासणारा माणूस उभा राहू शकत नाही, तिथे नियमाचा ९० सेंटीमीटरचा थर साध्या, तपासलेल्या, नीट दाबलेल्या मातीचाच ठेवा. धातू पकडणारे मिश्रण त्याच्या खाली, वेगळ्या २०-३० सेंटीमीटरच्या थरात घाला. मिश्रणात कुठे चूक झाली तरी वरच्या थराची पाणी अडवायची ताकद शाबूत राहते. वरून जे थोडे झिरपेल, ते फार सावकाश येते आणि खालच्या थराला धातू धरायला भरपूर वेळ मिळतो. मालही तिसऱ्या हिश्शावर येतो. भूजलापासूनचे २ मीटर अंतर मात्र या खालच्या थराच्याही तळापासून धरा.

११. काम कोणत्या महिन्यात करावे?

दिवाळी ते होळी. पावसाळ्यात काळी माती रोलरला लोंबते आणि दाबली जात नाही. मार्चनंतर ती दुपारपर्यंत वाळून तडकते. दाबताना ओलावा, चाचणीत ज्या ओलाव्याला सर्वाधिक घनता मिळते, त्याहून २ ते ४ टक्के जास्त ठेवा. कोरडी माती दाबली तर घनता चांगली दिसते, पण ढेकळांमधल्या फटी तशाच राहतात आणि पारगम्यता शेकडो पटींनी वाढू शकते. ढेकळे आधी रोटाव्हेटरने फोडा, कोळसा किंवा राख कोरडी असतानाच पसरून मिसळा, मग पाणी द्या. एका वेळी १५ ते २० सेंटीमीटरचा थर घ्या. तो मेंढीपाय रोलरने दाबा, कारण गुळगुळीत रोलर थरांची वीण एकमेकांत बसवत नाही. संध्याकाळी काम थांबले की ताडपत्री टाका. एका दुपारच्या उन्हात आठवड्याचे काम वाया जाते.

१२. एकाच मिश्रणाने सगळे धातू अडतात का?

नाही. शिसे सहज पकडले जाते, तांबेही बरेच. जस्त, निकेल आणि कॅडमियम यांची पकड सैल असते. लीचेटमध्ये कॅल्शियम आणि अमोनियम भरपूर असले, की ते यांना ढकलून जागा घेतात.

क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे वेगळे आहे. घातक असलेले सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण आयन म्हणून फिरते. मातीचे कणही ऋण प्रभाराचे, म्हणून ते त्याला दूर लोटतात. जितकी उत्तम काळी माती शिशासाठी, तितकी ती या क्रोमियमसाठी कमजोर. जैवकोळसा आणि सेंद्रिय द्रव्य त्याचे तीन-संयुजी क्रोमियम करू शकतात. ते तुलनेने निरुपद्रवी असते आणि मातीत अडकते. पण ही क्रिया आम्ल पाझरात चांगली होते. म्हणजे राख घालून सामू वाढवला, तर शिशाला फायदा आणि क्रोमियमला सूट. आर्सेनिकही सामू वाढला की मोकळे होते. त्याला धरायला लोहाची ऑक्साइडे लागतात, म्हणून पूर्व विदर्भातली लोहयुक्त लाल माती मिश्रणात थोडी असणे चांगले. पारा बाष्प होऊन वरूनही निसटतो. त्याचा इलाज प्रश्न २ मध्येच आहे.

म्हणून आधी लीचेट तपासायचे आणि मग मिश्रण ठरवायचे.

१३. आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. तिथली माती चालेल का?

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या या पट्ट्यात दोन धोके आहेत. तिथल्या मातीत सोडियम जास्त असतो. अशी माती ओली असताना पाणी जवळपास जाऊच देत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा फारच छान येतो. पण लीचेटमधला कॅल्शियम सोडियमची जागा घेऊ लागला, की कणांचे गुच्छ बनतात आणि पारगम्यता वाढते. म्हणून चाचणी साध्या पाण्याने न करता लीचेटनेच करा. दुसरे, खाऱ्या पाण्यातला क्लोराइड कॅडमियमला सोबत घेऊन विरघळलेल्या रूपात फिरवतो. इथे कॅडमियमची पकड प्रश्न १२ मध्ये सांगितल्यापेक्षाही सैल समजा. शक्य असेल तर माती पट्ट्याबाहेरून आणा.

१४. चंद्रपूर, कोराडीची औष्णिक राख फुकटात मिळते. तुसाऐवजी ती चालेल?

दोन्ही राखा दिसायला सारख्या असल्या, तरी कोळशाच्या राखेत स्वतःचेच आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम, बोरॉन असू शकतात. धातू अडवायला धातूच आणून टाकणे बरे नाही. तरीही वापरायचीच असेल, तर त्या विशिष्ट ढिगाऱ्याची पाझर-चाचणी करून घ्या. दुसऱ्या केंद्राचा जुना अहवाल चालणार नाही.

१५. चुना किंवा सिमेंट टाकून माती पक्की केली तर?

काळ्या मातीचे फुगणे चुन्याने थांबते, म्हणून रस्त्याच्या कामात तो वापरतात. पण त्याने मातीचे कण गुच्छ धरतात आणि सुरुवातीला पाणी जास्त झिरपते. शिवाय चुना फार झाला आणि सामू ११ च्या वर गेला, की शिसे आणि जस्त पुन्हा विरघळू लागतात. सिमेंटचा थर कडक होतो आणि जमीन थोडी खचली की तडकतो.

१६. शेणाने सारवले तर भेगा पडत नाहीत. तळ सारवून घ्यावा का?

अंगण सारवणे आणि लीचेटखालचा तळ यांत फार अंतर आहे. शेण कुजेल, कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

१७. मिश्रणाची क्षमता कधीतरी भरेलच. मग?

भरते. धातू नष्ट होत नाहीत, फक्त एका जागी धरून ठेवले जातात. पण गावच्या मिश्र कचऱ्याच्या लीचेटमध्ये धातू एरवी फार नसतात. पहिल्या काही वर्षांत कचरा आंबतो आणि लीचेटचा सामू ५-६ पर्यंत उतरतो, तेव्हा ते जास्त निघतात. पुढे सामू ७.५ च्या वर जातो आणि सल्फाइडसोबत बरेच धातू कचऱ्यातच बसतात. त्यामुळे अस्तराची खरी कसोटी पहिल्या काही वर्षांतच असते. नंतर त्या जागेवर विहीर, शेती किंवा घर होऊ नये म्हणून तिची नोंद गावाच्या दप्तरात नकाशासह राहायला हवी.

१८. इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी कोणत्या चाचण्या कराव्यात?

आयएस २७२० (मातीच्या चाचण्यांचे भारतीय मानक) मधले भाग ५ (द्रव व सुघट्य मर्यादा), ७ (घनता व ओलावा), १७ (पारगम्यता) आणि ४० (मुक्त फुगवटा). त्यानंतर बाटलीत माती आणि धातूचे द्रावण हलवून किती धातू धरला ते मोजा, मग तेच नळकांड्यात दाबलेल्या मातीतून झिरपवून मोजा. बाटलीतला आकडा नेहमी जास्त येतो, कारण तिथे प्रत्येक कण द्रावणाला भिडतो. फक्त बाटलीवर निष्कर्ष काढू नका. ओले-कोरडे करण्याच्या किमान तीन-चार फेऱ्यांनंतर पारगम्यता पुन्हा मोजा. बहुतेक प्रोजेक्ट इथेच कमी पडतात, आणि विदर्भाच्या उन्हात खरा प्रश्न तोच आहे.

१९. ग्रामपंचायतीने स्वतःचे असे लँडफिल बांधावे का?

शक्यतो नाही. गावच्या कचऱ्याचा मोठा भाग ओला असतो आणि त्याचे खतच व्हायला हवे. उरलेला निरुपयोगी भाग तालुक्याच्या किंवा नगरपरिषदेच्या सामायिक जागी द्यावा. बॅटऱ्या आणि ई-कचरा अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यायचा. कारखान्याचा घातक कचरा बुटीबोरीसारख्या सामायिक केंद्राचे काम आहे, गावच्या खड्ड्याचे नाही. या पानावरची माहिती घेऊन पंचायतीने सामायिक लँडफिलच्या ठेकेदाराला अस्तराचे चाचणी-अहवाल मागावेत.

२०. आमच्या गावाशेजारी जुने डम्पिंग आहे, खाली अस्तर नाही. आता काय करता येईल?

खालून अस्तर आता घालता येत नाही, पण वरून पाणी जाणे थांबवता येते. ढीग उताराचा करा, वर दाबलेल्या मातीचा थर आणि त्यावर गवत लावा, भोवती चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळवा. ढिगाच्या खालच्या अंगाला, भूजल ज्या दिशेने वाहते तिथे, जैवकोळसा आणि हाडांच्या कोळशाची चर-भिंत घालता येते. इथे नियम अस्तराच्या उलट आहे. ही भिंत भोवतालच्या जमिनीपेक्षा जास्त झिरपणारी हवी, नाहीतर पाणी तिला वळसा घालून जाते. म्हणून इथे जाड चाळलेला कोळसा रेतीत मिसळतात. चर किती खोल हवा हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला विचारल्याशिवाय खणू नका.

जवळच्या विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा तपासा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. नमुना देताना ‘जड धातू’ असे लेखी मागा. नेहमीच्या तपासणीत ते बहुधा नसतात. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० : २०१२ ची मर्यादा लिटरमागे शिशाला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमला ०.००३, क्रोमियमला ०.०५, निकेलला ०.०२, आर्सेनिकला ०.०१ आणि पाऱ्याला ०.००१ आहे. यातला एकही आकडा ओलांडला, तर त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्याच दिवशी थांबवा. उकळून धातू जात नाहीत. पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण उलट वाढते.